जुन्या नौकेचा नवा वासा

वारा पाठीशीं असला म्हणजे प्रवास सुखाचा, ही समजूत जमिनीवर राहणाऱ्या माणसाची आहे. शिडाच्या नौकेवर वावरणाऱ्याचा अनुभव निराळा असतो. वारा बाजूनें येत असतां शिडें ताठ भरतात आणि नौका एका अंगावर कलून वेगानें पाणी कापते. तोच वारा पाठीमागून वाहूं लागला कीं मोठ्या शिडाच्या आडोशाला सांपडलेलें पुढचें लहान शीड ओल्या धोतरासारखें लोंबूं लागतें, नौका डावीउजवीकडे डुलूं लागते, आणि ती वाऱ्याबरोबरच धांवत असल्यामुळें वारा पडला कीं काय असा भास होतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं १८६० नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शर्यतींत एक प्रचंड, हलकें, फुग्यासारखें शीड वापरांत आलें. त्याला स्पिनेकर म्हणतात. 'स्फिंक्स' नांवाच्या एका नौकेवर तें लोकांच्या नजरेंत भरलें आणि तिच्याच नांवाच्या अपभ्रंशांतून हा शब्द निघाला, अशी कथा खलाशी सांगतात.

कोकणच्या मचव्याचें शीड तिरप्या परभाणाला टांगलेलें असतें, हें बंदरकांठीं फिरलेल्या पुष्कळांनीं पाहिलें असेल. यॉटच्या मोठ्या शिडालाहि डोलकाठीचा व तळच्या आडव्या दांड्याचा आधार असतो. स्पिनेकरला मात्र तसा आधार नाहीं. त्याला तीन कोंपरे. वरचा कोंपरा डोलकाठीच्या माथ्याकडे ओढून घेतलेला. खालच्या दोहोंपैकीं एक नुसत्या दोरानें मागें खेंचलेला. आणि तिसरा, म्हणजे ज्या बाजूनें वारा येतो त्या बाजूचा, एका लांब वाशाच्या टोंकाशीं धरलेला. हा वासा म्हणजेच इंग्रजी खलाशांचा स्पिनेकर-पोल. त्याचें एक टोंक डोलकाठीवरील कड्यांत अडकवितात व दुसरें पाण्यावर बाहेर काढतात. तें बाहेरचें टोंक वर उचलून धरावयास एक दोर, खालीं आवरावयास दुसरा आणि मागें ओढून धरावयास तिसरा. या तिसऱ्या दोराला इंग्रजी खलाशी 'गाय' म्हणतात. नांव गरीब असलें तरी नौकेवरील सर्वांत अधिक ताण सोसणाऱ्या दोरांत त्याची गणना होते.

आतां प्रश्न उभा राहतो तो जुन्या नौकेच्या बाबतींत. १९६० ते १९८० या काळांत बांधलेल्या पुष्कळ लहान यॉट आजहि पाण्यावर आहेत. त्यांचें अंग शाबूत असतें. शिडें, दोर, तारा वेळोवेळीं बदललेल्या असतात. परंतु चारपांच मालकांच्या हातांतून गेलेल्या अशा नौकेचा वासा बहुधा हरवलेला, वांकलेला किंवा दुसऱ्याच नौकेवरून आणलेला असतो. नवा मालक दुकानांत जातो. "नौका किती फुटी?" असा प्रश्न होतो, "तीस फुटी," असें उत्तर मिळतें, आणि तेवढ्यावरून एक चकचकीत वासा त्याच्या हवालीं केला जातो. चूक येथेंच घडते. चुकीच्या वाशाची किंमत दुकानांत चुकती होत नाहीं. ती पुढें एखाद्या वादळी दुपारीं, नौकेच्या नाळेकडे उभ्या असलेल्या माणसाला किंवा खुद्द डोलकाठीला मोजावी लागते.

प्रथम लांबीचा विचार करूं. वाशाची लांबी नौकेच्या लांबीवरून ठरत नाहीं. डोलकाठीची पुढची कड आणि नाळेवर जेथें पुढची तार डेकला मिळते तें ठिकाण, या दोहोंमधील आडवें अंतर मोजावें. वासा तेवढाच लांब असावा, हा रूढ नियम आहे. नौकांचे आराखडे करणारे लोक हें अंतर इंग्रजी 'जे' या अक्षरानें दाखवितात. शर्यतींच्या नियमांतहि हें माप धरलेलें असतें आणि त्याहून लांब वाशाबद्दल सामान्यतः भुर्दंड सोसावा लागतो.

या नियमाच्या मुळाशीं साधी भूमिति आहे. पुढची तार नाळेपासून सरळ उभी जात नाहीं. ती तिरपी होऊन मागें डोलकाठीच्या माथ्याकडे जाते. त्यामुळें डेकपासून जसजसें वर जावें तसतसें तार व डोलकाठी यांमधील अंतर कमी होत जातें. वासा माणसाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर आडवा धरलेला असतो. तेथें 'जे' इतका लांब वासा तारेच्या किंचित् पुढें पोंचतो आणि शिडाचा कोंपरा तारेला न घासतां मोकळा राहतो. वासा आंखूड असेल तर शीड पुरतें पसरत नाहीं आणि मोठ्या शिडाच्या आडोशाला चुरमडतें. तो फार लांब असेल तर नौका डुलतांना त्याचें टोंक लवकर पाण्यांत बुडतें. धांवत्या नौकेचा वासा पाण्यांत अडकला कीं एक तर तो मोडतो, नाहींतर डोलकाठीवरचें कडें उपटून येतें.

जुन्या नौकेच्या बाबतींत येथें एक सावधगिरी अवश्य आहे. माप जुन्या कागदांवरून घेऊं नये. फीत हातांत घेऊन स्वतः मोजावें. मधल्या काळांत एखाद्या मालकानें डोलकाठी बदललेली असते, पुढची तार थोडी मागें घेतलेली असते, किंवा नाळेवर पुढें दांडा बसविलेला असतो. नौकेबरोबर आलेला जुना वासाहि साक्षीदार म्हणून भरंवशाचा नव्हे. तो मोडल्यानंतर कापून आंखूड केलेला असण्याचा संभव असतो.

लांबी ठरली कीं बळाचा विचार येतो. हा वासा काय सोसतो, हें प्रथमदर्शनीं लक्षांत येत नाहीं. पाहणाऱ्याला वाटतें कीं शीड वाशाला बाहेर ओढीत असेल. वस्तुतः शीड कोंपऱ्याला पुढें ओढतें, गाय-दोर त्याला मागें खेंचतो, आणि या रस्सीखेंचींत वासा डोलकाठीकडे दाबला जातो. पाठीमागून वारा असतां वासा नौकेशीं आडवा असतो, गाय-दोर वाशाशीं मोठा कोन करतो आणि दाब बेताचा राहतो. वारा बाजूकडे वळला म्हणजे वासा पुढें नेऊन तारेजवळ आणावा लागतो. मग गाय-दोर वाशाच्या जवळजवळ समांतर होतो आणि दाब झपाट्यानें वाढतो. समजा, शिडाचा कोंपरा वाशाशीं काटकोन करून १०० किलोच्या भारानें ओढीत आहे. गाय-दोर व वासा यांत ४५ अंशांचा कोन असेल तर वाशावर १०० किलोचाच दाब पडेल. तोच कोन १५ अंशांवर आला तर दाब सुमारें ३७० किलो होतो. वारा वाढलेला नसतो, शीड तेंच असतें; केवळ कोन बदलल्यानें भार पावणेचौपट होतो. त्यांतून वासा पुढच्या तारेवर टेकला तर ती तार त्याच्या बाजूवर धक्के देते आणि दाबाखालीं असलेली नळी तेथेंच वांकते. म्हणून शहाणा खलाशी गाय-दोर असा आंवळतो कीं वासा तारेपासून वीतभर तरी दूर राहावा. मोठ्या नौकांवर डोलकाठीच्या बाजूला एक आंखूड दांडा आडवा लावून गाय-दोर बाहेर रेटतात. तोहि हा कोन वाढविण्यासाठींच.

दाबानें लांब काठी कशी मोडते याचें गणित लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञानें १७४४ सालीं मांडलें. हातांतील लांब वेताची छडी जमिनीवर टेकून दाबली तर ती चुरडत नाहीं, मध्यें बाक येऊन वांकते. तीच छडी अर्धी कापली तर कितीतरी अधिक जोर सोसते. काठीचें हें बळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतें. १२ फुटांऐवजी १३ फूट वासा घेतला तर लांबी एका फुटानेंच वाढते, परंतु बळ शेकडा १५ नीं कमी होतें. उलट पातळ नळीची जाडी तीच ठेवून व्यास अडीच इंचांवरून तीन इंच केला तर वजन शेकडा २० नीं वाढतें आणि बळ मात्र जवळजवळ पावणेदोनपट होतें. बांबू पोकळ असूनहि इतका ताठ कां असतो, याचें उत्तर याच हिशेबांत आहे: द्रव्य मध्यापासून जितकें दूर, तितकें तें वांकण्याला अधिक विरोध करतें. तीस फुटी नौकेवर अडीच ते तीन इंच व्यासाची नळी सामान्यतः दिसते ती यामुळेंच. मात्र नळीला कोठें खोंचा पडला असेल तर हा सारा हिशेब फुकट जातो. दाब आला कीं नळी नेमकी तेथेंच दुमडते. म्हणून वापरलेला वासा विकत घेतांना तो उन्हांत धरून त्याच्या अंगावरून हात फिरवावा, आणि एका टोंकाकडून डोळा लावून तो सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें.

वासा कशाचा असावा? पूर्वीं तो स्प्रूस नांवाच्या हलक्या, सरळ धाग्याच्या लाकडाचा करीत. पुष्कळदां दोन अर्धे आंतून कोरून चिकटवीत. लाकडी डोलकाठीच्या नौकेला तो शोभतो व सुताराच्या हातानें दुरुस्तहि होतो. परंतु टोंकांवरच्या धातूच्या टोप्यांखालीं पाणी मुरून तेथें कूज धरते, तिकडे दरवर्षीं लक्ष पुरवावें लागतें. आज सर्वसामान्य निवड अॅल्युमिनियमच्या नळीची. तीन इंच व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची, बारा फूट लांब अशी नळी टोंकें सोडून सुमारें साडेचार किलो भरते. ती स्वस्त, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपी असते. कार्बन-तंतूंचा वासा याहून बराच हलका होतो, परंतु किंमत पुष्कळ अधिक. शिवाय कार्बन आणि अॅल्युमिनियम यांचा खाऱ्या पाण्यांत परस्परांशीं स्पर्श झाला कीं अॅल्युमिनियम झिजूं लागतें. दोहोंमध्यें विजेला अडविणारा थर नीट घातलेला नसेल तर टोंकाची टोपी कांहीं वर्षांतच सैल होते. जुन्या नौकेवर फेरफटका करणाऱ्या कुटुंबाला अॅल्युमिनियम पुरेसें आहे. शर्यतीच्या हव्यासानें कार्बन घ्यावयाचा तर तो नेहमीं पाहणी करणाऱ्यानें घ्यावा.

परंतु ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातें ती वाशांत नसून डोलकाठीवर असते. जुन्या नौकांच्या डोलकाठीवर पुढच्या बाजूस एक कडें असतें. कांहीं ठिकाणीं तें उभ्या पट्टीवर वरखालीं सरकतें. वाशाच्या टोंकाचा जबडा, ज्यांत स्प्रिंगची खीळ असते, या कड्यांत बसतो. कांहीं नौकांवर कड्याऐवजीं वाटी असते आणि तींत वाशाचें खुंटीसारखें टोंक जातें. एकाचा जबडा दुसऱ्याच्या वाटींत बसत नाहीं, म्हणून वासा घेण्यापूर्वीं कड्याचें माप घेणें आवश्यक. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं वाशावरचा सारा दाब शेवटीं या कड्यांतून डोलकाठीला पोंचतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं अॅल्युमिनियमच्या डोलकाठींत पोलादी स्क्रू बसविलेले असले तर त्यांच्याभोंवतीं धातु पांढऱ्या भुकटीसारखा झिजलेला आढळतो. लाकडी डोलकाठींत स्क्रूचीं भोंकें ओल धरून मऊ होतात. अशा कड्याला दुकानांतला सर्वांत दणकट वासा अडकविला तर काय होईल? वासा टिकेल, कडें उपटेल, किंवा डोलकाठीची भिंत आंत दबेल. मग अकस्मात् सुटलेलें वाशाचें टोंक डेकवर भाल्यासारखें फिरतें, आणि त्या वेळीं नाळेकडे बहुधा कोणी तरी माणूस उभा असतो.

यावर कोणी म्हणेल कीं मग वासा मुद्दाम कमजोर घ्यावा, म्हणजे तो मोडेल आणि डोलकाठी वांचेल. हाहि उपाय खरा नव्हे. मोडलेल्या नळीची धार कांहीं कमी भयंकर नसते. खरा उपाय तीन पायऱ्यांचा आहे. पहिला खर्च डोलकाठीवरील कड्यावर व त्याच्या स्क्रूंवर करावा. दुसरा, त्या कड्याला झेपेल इतपतच मोठें शीड लावावें. आणि तिसरा, ज्याला कांहींच खर्च नाहीं, तो असा कीं वारा वाढण्याचीं चिन्हें दिसतांच शीड उतरवावें. वासा मोडल्याच्या पुष्कळशा कथांत शीड अर्धा तास अगोदर उतरवावयास हवें होतें, एवढेंच निष्पन्न होतें.

यापुढें माणसांचा विचार. नौकेनें वळण घेऊन वारा दुसऱ्या बाजूस आला म्हणजे वासाहि त्या बाजूस न्यावा लागतो. याच्या दोन रीती आहेत. लहान नौकेवर एक माणूस डोलकाठीपाशीं उभा राहतो, वाशाचें आंतलें टोंक कड्यांतून काढून शिडाच्या दुसऱ्या कोंपऱ्याच्या दोरावर अडकवितो आणि मोकळें झालेलें जुनें बाहेरचें टोंक कड्यांत बसवितो. यासाठीं वाशाचीं दोन्ही टोंकें सारखीं हवींत, आणि उचलून धरणारा दोर एकदम मध्यावर न बांधतां दोन्ही टोंकांकडे जाणाऱ्या दुहेरी दोराला बांधावा. मध्यावरची ओढ वाशाला बाक देते. सुमारें ३० ते ३५ फुटांवरील नौकांवर शीड एवढें जोराचें होतें कीं ही रीत धोक्याची ठरते. तेथें आंतलें टोंक डोलकाठीवर वर सरकवून बाहेरचें टोंक खालीं झुकवितात आणि तारेच्या आंतून पलीकडे नेतात. या रीतीला अधिक दोर, अधिक माणसें आणि लांब सरकपट्टी लागते. जुन्या नौकेच्या डोलकाठीवर तशी पट्टी नसेल, आणि नौकेवर पतिपत्नी असे दोघेच असतील, तर दुसऱ्या रीतीचा वासा घेऊन उपयोग काय? डुलणाऱ्या डेकवर साडेचार किलोची बारा फुटी नळी दोन्ही हातांनीं डोक्यावर धरणें म्हणजे काय, हें दुकानांत कळत नाहीं. म्हणून वासा घेण्यापूर्वीं तो जिनें किंवा ज्यानें हाताळावयाचा, त्याच माणसाच्या हातांत देऊन पाहावा.

पुष्कळ कुटुंबांच्या बाबतींत या विचाराअंतीं असेंहि ठरेल कीं स्पिनेकरच नको. त्यांना एक हलका वासा पुरतो, जो पुढचें नेहमींचें शीड वाऱ्याच्या बाजूला पसरून धरतो. हा वासा दुर्बिणीसारखा एका नळींतून दुसरी नळी निघणारा, लहानमोठा करतां येणारा मिळतो. त्याला दाब कमी असतो, शीड आवरणें सोपें असतें आणि वेगहि बरा मिळतो. मात्र एक गोष्ट कटाक्षानें पाळावी: असा दुर्बिणी वासा स्पिनेकरला कधीं लावूं नये. दोन नळ्यांचा सांधा एवढ्या दाबासाठीं केलेला नसतो.

जुनी नौका म्हणजे टाकाऊ नौका नव्हे, याचें उत्तम उदाहरण मुंबईचेंच आहे. १९६४ सालीं मुंबईस पाण्यांत उतरलेली 'सुहैली' ही सागवानी नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडच्या फालमथ बंदरांतून एकटे निघाले, आणि कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परतले. एकट्यानें, न थांबतां केलेली अशी ती पहिली प्रदक्षिणा. तिच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ सालीं जुन्या धर्तीच्याच नौकांची तशी शर्यत भरली. भारतीय नौदलाचे अभिलाष टोमी यांची 'थुरिया' ही 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यांत बांधलेली नौका तींत होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें तिच्या डोलकाठ्या मोडल्या व टोमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्याच वादळांत ग्रेगर मॅगुकिन या आयरिश नाविकाच्याहि डोलकाठ्या गेल्या. तरीहि हंगामी शीड उभारून त्यांनीं टोमी यांच्या दिशेनें नौका हांकारली. तीन दिवसांनीं एका फ्रेंच जहाजानें दोघांनाहि सुखरूप घेतलें.

भर समुद्रांत डोलकाठी गेल्यावर दुसरी कोठून आणावयाची? अशा वेळीं खलाशाची नजर डेकवर बांधून ठेवलेल्या या वाशाकडेच वळते. तो उभा करून, तारादोरांनीं ताणून, त्यावर लहानसें शीड चढवितां येतें आणि हळूहळू का होईना, किनारा गांठतां येतो. शर्यतीची हौस नसलेल्या घरालाहि चांगला वासा बाळगण्याचें हें एक सबळ कारण आहे. वासा डेकवर खोबणींत पक्का बांधलेला असावा आणि त्याच्या जबड्याच्या खिळा दरमहा गोड्या पाण्यानें धुऊन सैल ठेवाव्या. गरजेच्या क्षणीं अडकलेली खीळ कोणाच्याहि उपयोगाची नाहीं.

घर फिरलें कीं घराचे वासेहि फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. नौकेच्या बाबतींत ती थोडी उलटी लागू पडते: न शोभणारा वासा घरांत आला कीं नौकाच फिरते. तेव्हां जुन्या नौकेचा मालक दुकानांत जाईल तेव्हां त्यानें तीन गोष्टी बरोबर न्याव्यात. डोलकाठीपासून तारेपर्यंतचें स्वतः मोजलेलें अंतर, डोलकाठीवरील कड्याचें माप व त्याची खरी अवस्था, आणि जें माणूस वासा हाताळणार तें माणूस. या तिहींना जो वासा पटेल तोच घ्यावा, मग तो दुकानांत सर्वांत महाग नसला तरी चालेल.